डाळ जळगावची, तूर कुठली?

मूळच्या चोपड्याच्या, आता पुण्यात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावाने २०२५ च्या फेब्रुवारीत तूर क्विंटलला सात हजारांच्या आत विकली. हमीभाव तेव्हा ७,५५० होता. त्याच महिन्यात ताईंच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दोन डाळी शेजारी-शेजारी होत्या. एक ११८ रुपये किलो, दुकानदाराच्या शब्दांत "बाहेरच्या देशातली". दुसरी १६५ रुपये, पाकिटावर "गावरान खान्देशी". ताई विचारतात, मी हे ४७ रुपये जास्तीचे मोजले तर त्यातलं भावापर्यंत काही पोचतं का? आणि ती डाळ खरंच आपल्याकडची आहे हे ओळखायचं कसं?

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्यासाठी मला माझंच एक जुनं प्रकरण सांगावं लागेल.

माझी जळगावात डाळमिल आहे. मोठी नाही, पण एकतीस वर्षं चालली आहे. त्याआधी वडिलांबरोबर आडतीच्या गादीवर बसायचो. जळगाव म्हटलं की लोकांना केळी आणि सोनं आठवतं, पण इथली डाळ देशभर जाते. आता गंमत अशी की इतक्या गिरण्या बाराही महिने चालतील एवढी तूर आपल्या खान्देशात पिकतच नाही. आपलं पीक कापूस. तूर असते ती कपाशीत, चार-सहा ओळी सोडून तुरीची एक ओळ, नाहीतर बांधाच्या कडेला. त्यामुळे जानेवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत आमच्याकडे विदर्भ, मराठवाडा, पार कलबुर्गीकडची तूर येते. पावसाळा लागला की देशी माल आटतो आणि मग बंदरावरचा माल सुरू होतो. बर्माची "लेमन", आफ्रिकेची "गजरी", "मटवारा", "अरुषा" ही सगळी नावं आमच्या हमालांनाही पाठ आहेत.

तेव्हा पाकिटावर जळगावचा पत्ता असला तर तो खोटा नसतो. डाळ जळगावातच तयार झालेली असते. दाणा मात्र मोझांबिकचा असू शकतो. अख्खी तूर समोर ठेवली तर मी लांबूनही सांगेन: लेमनचं साल फिकट, आपल्याकडच्या मारुती वाणाचं लालसर. पण साल उतरलं, दाणा दोन फाकांत फुटला आणि वरून पॉलिश फिरलं की मीसुद्धा पैज लावणार नाही. तुमचा दुकानदार तर नाहीच लावू शकत.

बरीच वर्षं झाली. एका शहरातल्या दुकानदाराने मला दोन प्रकारच्या छापील पिशव्या पाठवल्या. एक साधी, दुसरीवर बैलजोडी, झोपडी आणि "गावरान". माल दोन्हींत एकाच ढिगातला भरायचा. मी त्या वर्षी भरून दिला. बिल एकाच भावाचं होतं, मला त्यात दमडी जास्त मिळाली नाही, म्हणून मनाची समजूतही घातली की आपण काही फसवत नाही. पुढच्या वर्षी त्याच्या पिशव्या परत केल्या. हे सांगतो ते अशासाठी की "गावरान" या शब्दाला बाजारात मोजपट्टी नाही. ज्याला छापायचाय तो छापतो.

खान्देशात एकाच तूरडाळीच्या मागे कागद आहे, ती नवापूरची. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बारीक दाणा, शिजताना घरभर वास. आदिवासी बाया घरच्या घरी करतात ती डाळ दिसायला एकसारखी नसते, कुठे सालाचा तुकडा राहिलेला, कुठे कडा उडालेली. तीच तिची ओळख. चकचकीत, पिवळीधमक, एका मापाची "नवापूर डाळ" कुणी दिली तर जरा थांबून दोन प्रश्न विचारा.

बाकी डाळींत गाव शोधत बसू नका, ताजेपणा आणि पॉलिश बघा. मूठभर डाळ घेऊन तळहातावर चोळा. तेलकट चकाकी हाताला लागली तर पॉलिश जास्त आहे. पाण्यात टाकल्यावर पाणी लगेच पिवळं झालं तर ती डाळ घरात आणू नका, मग ती चोपड्याची असो की बर्माची. बिनपॉलिशची डाळ मळकट दिसते, तिच्यावर बारीक पीठ असतं. हा तिचा दोष नव्हे.

आता एक गोष्ट मला गिरणीवाला म्हणून बोलली पाहिजे. बाहेरची तूर वाईट असते, तिच्यात औषधं असतात, ती शिजत नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. म्यानमारचा किंवा मलावीचा शेतकरीही तुमच्या भावासारखाच दोन-चार एकरवाला. माल बोटीत, गोदामात पडून जुना होतो, तेवढाच फरक. दमट, उबदार जागेत वर्षभर पडलेली कुठलीही तूर चिवट होते, आपलीसुद्धा.

एकदा धरणगावकडच्या एका आजी पाच किलोची पिशवी घेऊन थेट मिलवर आल्या. "दाय शिजत नही भाऊ," म्हणे, "बाहेरनी दिसस." डाळ आमचीच, महिन्याभरापूर्वी काढलेली, तूर वाशीम भागातली. मी तिथेच ऑफिसातल्या कुकरमध्ये जारच्या पाण्यात लावली. चौथ्या शिट्टीला गाळ. आजींच्या घरी नवीन बोअर झालं होतं. त्या पाण्यात क्षार एवढे की बादलीला पांढरा थर धरायचा. जड पाण्यातल्या क्षारांनी डाळीचा दाणा घट्ट बांधला जातो, तो फुटतच नाही. खान्देशात तापीकाठच्या कितीतरी गावांत डाळीला शिव्या बसतात आणि गुन्हेगार असतो बोअर. आजी गेल्या, पण जाताना "तरी बाहेरनीच शे" असं म्हणूनच गेल्या.

चवीचं विचाराल तर फरक आहे, मी नाकारत नाही. वरण-बट्टीच्या पंगतीत कढईभर वरण असतं, तिथे नवी देशी तूर आणि जुनी डाळ यांचा वास वेगळा येतो. आमच्या मिलवर लग्नासाठी डाळ न्यायला येणारे आचारी हातावर डाळ घेतात, तोंडाने गरम वाफ सोडतात आणि नाकाशी नेतात. भाव नंतर विचारतात. पण तो फरक नव्या-जुन्याचा जास्त आणि देशाचा कमी.

तर मग बाहेरच्या मालाला विरोध कशाला? त्याचं उत्तर तुमच्या पहिल्या प्रश्नात आहे, आणि ते पैशाचं आहे.

आधी ते ४७ रुपये बघू. शंभर किलो तूर गिरणीत घातली की सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते. बाकी कणी, चुनी म्हणजे डाळीचा बारीक चुरा, टरफल आणि घट. म्हणजे एक किलो डाळीला साधारण एक किलो चारशे ग्रॅम तूर लागते. भावाने ७० रुपयांनी दिलेल्या तुरीची डाळ नुसत्या कच्च्या मालाची धरली तर ९८ ते १०० रुपये. चुनीचे पैसे वजा करा, वीज-मजुरी-बारदाना-भाडं मिळवा. गिरणीच्या दारात ती ११० च्या आत-बाहेर पडते. आता ध्यानात आलं का? तुमच्या दुकानातली ११८ ची डाळ तुमच्या भावाच्या तुरीची असायलाही काही हरकत नव्हती. त्या महिन्यात देशी तूर स्वतःच इतकी खाली आली होती की तिच्यात आणि बंदरावरच्या मालात क्विंटलमागे फार अंतर उरलं नव्हतं. १६५ मधला वरचा पैसा पिशवीवरच्या बैलजोडीचा. त्यातला एक रुपया चोपड्याला गेला नाही, कारण भावाने तूर विकली तेव्हा त्याचा भाव आधीच ठरून गेला होता.

तो ठरतो कसा, हे सांगतो. सकाळी साडेनऊच्या सुमाराला माझ्या फोनवर दलालांचे मेसेज येतात. पहिली ओळ असते मुंबई लेमन, दुसरी चेन्नई लेमन, मग आफ्रिकेचे भाव, मग अकोला, लातूर, कलबुर्गी. अमळनेरच्या बाजार समितीच्या यार्डात साडेअकराला लिलावात बोली लावणाऱ्या प्रत्येकाने ती पहिली ओळ वाचलेली असते. बंदरावर तूर ज्या भावाने उतरते, त्याच्या फार वर कुणीही गिरणीवाला देशी तुरीला जात नाही. मीही जात नाही. मग तुमचा भाऊ ट्रॅक्टरमध्ये उभा राहून कितीही म्हणो, "भो, खर्च तरी निघू दे." बर्माचा नवा माल येतो तोही नेमका आपल्या तुरीच्या तोंडावर, वर्षाच्या सुरुवातीला. त्यात २०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात खुली झाली आणि २०२३ च्या मार्चमध्ये अख्ख्या तुरीवरचं शुल्कही काढलं. मुदत संपत आली की ती वाढवत गेले. म्हणजे बाहेरची तूर भावाच्या शेतावर न येताही त्याच्या तुरीचा भाव ठरवून जाते.

आयात बंदच करा, असंही मी म्हणणार नाही. देशाला वर्षाला ४५ लाख टनांच्या आसपास तूर लागते, पिकते साधारण ३५ लाख टन. मधली दरी कुणीतरी भरणार. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली होती, तेव्हा याच मिलच्या दारात मी माणसं अर्धा किलो डाळ मागताना पाहिली आहेत. मग सरकारने पेरा वाढवायला सांगितलं, मोझांबिकशी आयातीचा करार केला, पाऊसही चांगला झाला, आणि पुढच्याच हंगामात तूर एवढी पिकली की हमीभाव बोनस धरून ५,०५० असताना बाजारात चार हजारांनाही कुणी विचारेना. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. एका केंद्राबाहेर लागलेली ट्रॅक्टरची रांग मला अजून दिसते. एप्रिलचं ऊन, तुरीच्या पोत्यांखाली सावलीला झोपलेली माणसं, आणि तिसऱ्या दिवशी पाटी लागली, खरेदी बंद. तेव्हा कुठे २०१७ च्या ऑगस्टमध्ये आयातीला मर्यादा घातली. म्हणजे माल यार्डातून निघून गेल्यावर. माझी तक्रार या वेळेबद्दल आहे. शुल्क लावायचं तर आपली काढणी सुरू होण्याआधी लावा आणि माल विकून झाल्यावर काढा. आम्ही गिरणीवाले ओरडू, पण जगू.

इथे मी दुटप्पी वाटेन, तर वाटू द्या. पावसाळ्यात बाहेरची तूर आली नाही तर माझी मिल बंद. बावीस माणसं कामाला आहेत, त्यातल्या नऊ बाया निवडणीवर. आणि डाळीतला काळा दाणा कॅमेऱ्याने हेरून उडवणारं मशीन, ज्याला आमच्यात सगळे सॉर्टेक्स म्हणतात, तेही परदेशी आहे. मी एखाद्या वस्तूकडे "आपली का परकी" असं बघूच शकत नाही. मी बघतो की माझा रुपया कुठे अडकतो आणि कुठे पुढे सरकतो.

तुमचा रुपया भावापर्यंत सरकवायचा असेल तर डाळ विकत घेऊ नका. तूर घ्या.

चार माणसांच्या घराला महिन्याला चार किलो डाळ धरली तर वर्षाला पन्नास किलोच्या आत. त्याला सत्तर किलो तूर पुरते. भावाला हमीभावाने पैसे द्या. २०२५-२६ साठी तो ८,००० होता, तोच धरू. सत्तर किलोचे झाले ५,६००. डाळ ४९ किलो, म्हणजे कच्चा माल किलोला ११४-११५ ने पडला. भरडाई आणि पुण्यापर्यंतचं भाडं धरून सव्वाशेच्या आसपास. दुकानातल्या बैलजोडीपेक्षा चाळीस रुपये कमी, आणि भावाला यार्डापेक्षा क्विंटलमागे हजार जास्त, वर आडत-हमाली-तोलाई नाही. एका घराने त्याला काय होणार? फार नाही. तुमच्या सोसायटीतली दहा घरं मिळून सात क्विंटल होतात, आणि कपाशीतल्या तुरीचं उत्पन्न एवढ्यातेवढ्यातच असतं. म्हणजे त्याचं निम्मं-अधिक पीक दारातच विकलं गेलं.

माझ्यासारख्या मिलवर सात क्विंटल घेऊन येऊ नका, आम्ही घेत नाही. आमचं मशीन गरम व्हायलाच एवढा माल लागतो. मिनी डाळमिल शोधा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळमिली गावोगावी आहेत, बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्या बाया चालवतात. तिथे डाळ दोन-तीन किलो कमी निघेल आणि थोडं साल राहील, चालवून घ्या. तूर टाकण्याआधी त्यांना एवढंच विचारा की तेल-पाणी लावून वाळवायला किती दिवस ठेवता. आमच्याकडे तूर आधी एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडी, रोलरवर ओरखडून घेतात, म्हणजे सालाला चिरा पडतात; मग तेलाचा हात, रात्रभर मुरवण, पाण्याचा शिडकावा, आणि गच्चीवर उन्हात पसरणी. त्यानंतर परत रोलर. साल निघालेला अख्खा दाणा म्हणजे गोटा. तो फोडून जी डाळ होते ती फटका, सगळ्यात चढ्या भावाची. वाळवणीत घाई केली की साल सुटत नाही, मग ते रोलर घासून काढतात आणि तुमची डाळ चुनीत जाते. "आजच्या आज देतो" म्हणणाऱ्याकडे तूर टाकू नका. आमच्या आजीच्या वेळी तूर भिजवून, कडक उन्हात वाळवून जात्यावर भरडत. त्या डाळीला मधोमध किंचित खळगा पडतो, शिजायला वेळ घेते, पण चव विचारू नका. कुणी करून देणारं भेटलं तर दोन किलो तरी करून घ्या.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. तूर अख्खी ठेवली तर तिला भुंगा शेतातूनच लागून आलेला असतो, दोन महिन्यांत भोकं दिसतात. भरडून, दोन दिवस ऊन देऊन, कोरड्या डब्यात ठेवलेली डाळ टिकते. एरंडेल लावायचं तर बोटाला लागेल इतकंच; काही जण डाळीला अंघोळ घालतात आणि मग वरणाला वास येतो म्हणून भावाला फोन करतात.

भावाला मात्र आज एक फोन करा, डाळीपेक्षा तो महत्त्वाचा आहे. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या सरकारी पीक नोंदणीत, त्याने काय नोंदवलं होतं ते विचारा. कपाशीत तूर असली की आपले लोक मोबाइलवर नुसती कपाशी नोंदवून मोकळे होतात. सातबाऱ्यावर तूर नाही म्हटल्यावर हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी अडकते, आणि माणूस चिडून यार्डाकडे वळतो. गेल्या हंगामात माझ्या ओळखीच्या निदान सहा-सात जणांचं हेच झालं. पुढच्या खरिपात मिश्र पिकात तुरीची नोंद करायला सांगा, फोटो घेताना तुरीचं झाड दिसू द्या. केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. दाताखाली दाणा कट्कन तुटला पाहिजे, दबला तर अजून दोन ऊन द्या.

जाता जाता बेसनाचं. तिथे गोष्ट वेगळी आहे. २०२३ च्या डिसेंबरात पिवळा वाटाणा बिनशुल्क आला, २०२४ मध्ये जवळपास ३० लाख टन उतरला, मुख्यतः कॅनडा आणि रशियाचा. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्यावर ३० टक्के शुल्क लागलं. वाटाणा खाल्ल्याने काही होत नाही, पण तो हरभऱ्याच्या नावाने विकला जातो ही खरी अडचण. वाटाण्याची डाळ गुळगुळीत, गोलसर. हरभऱ्याच्या डाळीला कडेला चोच असते आणि पाठ खडबडीत. दळलेल्या पिठात चोच दिसत नाही. म्हणून हरभऱ्याची डाळ घ्या आणि गिरणीत दळून आणा.

आणि मिनी डाळमिलवरून निघताना चुनी आणि टरफल मागून घ्यायला विसरू नका. काही ठिकाणी भरडाईच्या बदल्यात ती ठेवून घेतात, तसं आधीच ठरलं असेल तर ठीक. नाहीतर सत्तर किलोमागे पंधरा-वीस किलो निघते, आणि भावाच्या दावणीला म्हैस असेल तर तिला ती सरकीच्या ढेपेइतकीच आवडते.